भाजीचं क्रेट: आषाढ ते भोगी, आणि कोथिंबिरीचा न सुटलेला प्रश्न

शेतावरून थेट भाजी घेण्याच्या योजनेचे पुढच्या हंगामाचे पैसे भरा असा मेसेज परवा मेंबरांच्या ग्रुपवर पडला. सहा महिन्यांचे नऊ हजार होते, ते आता दहा हजार दोनशे. भरायचे की नाही यावर घरात वाद झाला, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. योजना काय असते ते बहुतेकांना माहीत आहे: हंगामाचे पैसे आगाऊ द्यायचे, शेतात जे पिकेल त्यातला आपला वाटा दर आठवड्याला घ्यायचा. आमचं शेत नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या बाजूला आहे. क्रेट दर बुधवारी इंदिरानगरमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरतं. साधारण पाच किलो भाजी, म्हणजे क्रेटमागे साडेतीनशेच्या आसपास.

इथपासून खालचा बराच भाग मी दिवाळीआधी लिहून ठेवला होता. तो तसाच ठेवते, कारण तेव्हाचा राग खरा होता.

पहिली आणि मुख्य तक्रार: कोथिंबीर नाही. अहो, नाशिकमध्ये कोथिंबीर नाही! गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात शंभराची भाजी घेतली तर भाजीवाल्या मावशी न मागता चार काड्या आणि दोन मिरच्या पिशवीत टाकतात. आमच्या मार्केट यार्डात कोथिंबिरीचा लिलाव शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांच्या भावाने होतो, इथून मुंबईला गाड्या भरून जातात, आणि नऊ हजार आगाऊ भरलेल्या माणसाच्या क्रेटमध्ये एक काडी नाही. त्यामुळे क्रेट घरी आणून ठेवलं की परत चप्पल घालून कोपऱ्यावर जायचं. तिथे नुसती कोथिंबीर मागितली की भाजीवाला आपल्याकडे असा बघतो की आणखी काहीतरी घ्यावंच लागतं. हा वरखर्च कोणी हिशोबात धरत नाही. मी धरला.

ग्रुपवर विचारलं तर उत्साही मेंबरांपैकी एकाने लांबलचक उत्तर दिलं. ही कल्पना जपानमधली, तिथे १९७० च्या दशकात ग्राहकांनी थेट शेतकऱ्यांशी नातं जोडून ‘तेईकेई’ सुरू केलं, नफ्यातोट्यात दोघं भागीदार, वगैरे. माहिती चांगली होती. पण जपानात आमटीवर कोथिंबीर लागत नसेल.

दुसरी गोष्ट वांग्यांची. आषाढी झाली की आमच्या सासूबाई चातुर्मास पाळतात. कांदा, लसूण, वांगं बंद. नेमकी त्याच महिन्यांत वांगी बहरात. काटेरी देठाची, चकचकीत, हातात घेतली की करकरणारी. दर बुधवारी किलोभर यायची आणि सरळ खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे जायची. संध्याकाळी त्यांच्याकडून भरताचा वास वर यायचा आणि आमच्या ताटात दुधी. पार्किंगमध्ये अदलाबदलीची टोपली ठेवलेली असते, नको ती भाजी टाका आणि हवी ती घ्या. पण त्या टोपलीत सगळे दुधीच टाकतात, त्यामुळे ती टोपली म्हणजे दुधीचं अनाथालय.

तिसरं, पोस्टरवरचा ‘शंभर टक्के सेंद्रिय’ हा दावा. मी सर्टिफिकेट मागितलं. लगेच दाखवलं, लपवाछपवी नाही. पीजीएस-इंडियाचं होतं. त्यात गावातले किमान पाच शेतकरी गट करतात आणि एकमेकांची शेतं तपासतात. पण त्यावर ‘ग्रीन’ लिहिलेलं, म्हणजे जमीन अजून रासायनिककडून सेंद्रियकडे बदलाच्या काळात आहे, ‘ऑरगॅनिक’चा शिक्का पुढे मिळणार. पोस्टरवर तसंच लिहिलं असतं तर मी काही कमी पैसे दिले नसते.

आणि मग परतीचा पाऊस. ऐन पालेभाजीच्या वेळेला वाफ्यांत पाणी साचलं. क्रेटमध्ये लाल भोपळा, दुधी, पुन्हा लाल भोपळा. पाच किलोचं वजन भरायचं, पण एका भोपळ्यातच निम्मं. त्या आठवड्यांत बाजारात मेथीची जुडी बघून परत ठेवावी लागत होती इतकी महाग, आणि मी पैसे आधीच भरून बसलेली. जोखीम वाटून घ्यायची हे वाचायला बरं वाटतं. रोज भोपळ्याचं भरीत, भोपळ्याची भाजी, घारगे असं सुरू झालं की मुलं जेवायला यायला टाळाटाळ करतात.

इथे दिवाळीआधीचं लिखाण संपतं.

कार्तिकी झाल्यावर शेतावर मेंबरांसाठी शिवारफेरी होती. सासूबाई माहेरच्या निफाडच्या, द्राक्षं-कांद्याच्या घरच्या. त्या मुद्दाम आल्या, कोथिंबिरीबद्दल समोरासमोर बोलायला. शेतकरी दादांनी वाद घातला नाही. त्यांना सरळ वाफ्यावर नेलं. वीतभर उंचीची रोपं, खालची पानं पिवळी, बुडाशी काळं पडून आडवी झालेली. एक उपटून सासूबाईंच्या हातावर ठेवलं. म्हणाले, “मावशी, धने रगडून पेरले, आठ-दहा दिवसांत उगवलं, आणि पाऊस आला. दर आठवड्याला तुम्हाला जुडी द्यायची तर दर आठवड्याला नवा वाफा टाकायला पाहिजे. एक सडला की त्या आठवड्याचं गेलं. ही लॉटरी आहे. भाव असतो तेव्हा माल नसतो, माल असतो तेव्हा जनावरांना घालतात.”

सासूबाई म्हणाल्या, “आम्ही कांद्याच्या वाफ्याच्या कडेने धने टाकायचो. घरापुरती निघते.” त्यावर दोघं बांधावर बसून बराच वेळ बोलत होते. मी तोवर जीवामृताचा, म्हणजे पिकाला घालायच्या घरगुती खताचा, ड्रम बघून घेतला. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. एवढं एका एकराला जातं. वास येतो, पण नाक मुरडण्यासारखा नाही, आंबलेल्या ताकाच्या जवळचा. टोमॅटोच्या ओळींत झेंडू लावलेला आणि मध्ये पिवळे चिकट सापळे टांगलेले. त्यांवर बारीक माशा इतक्या चिकटल्या होत्या की पिवळा रंग कुठेकुठेच दिसत होता. फवारणीशिवाय भाजी म्हणजे काय कटकट असते ते तो सापळा बघून कळतं.

थंडी पडल्यावर मात्र क्रेट बदललं. मेथी मुळासकट यायला लागली. मुळांना काळी माती घट्ट धरलेली, तीन पाण्यांनी धुतली तरी पातेल्याच्या तळाशी गाळ. निवडायला अर्धा तास. पण पानं बारीक, जाडसर, आणि कडवटपणा असा की नुसत्या लसूण-मिरचीच्या फोडणीवर भाजी पूर्ण होते. फ्लॉवरमध्ये अळ्या निघतात, हे आधीच सांगते. मिठाच्या पाण्यात तुरे बुडवले की हिरवी, नखाएवढी अळी अंग ताणत वर येते. माझी मुलगी तेव्हापासून फ्लॉवर खात नाही. चंपाषष्ठीला वांगी उघडली, तेव्हा मात्र क्रेटमध्ये भरताची वांगी आणि कांद्याची पात दोन्ही होती, आणि खालच्या वहिनींना त्या दिवशी काही मिळालं नाही.

भोगीच्या आठवड्यातलं क्रेट तर दादांनी विचार करून भरलं होतं: पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगी, वर मूठभर बोरं. भोगीच्या भाजीसाठी बाजारात एकही वस्तू आणावी लागली नाही, फक्त तीळ आणि बाजरीचं पीठ घरातलं. तो एक बुधवार साडेतीनशेला स्वस्त पडला.

बाकीच्या थंडीतल्या बुधवारांचं तसं म्हणता येणार नाही. डिसेंबर-जानेवारीत बाजारात भाजी मातीमोल असते. तेवढाच माल मी घाटावरून दोनशेत आणला असता, आणि वरून कोथिंबीर मिळाली असती. पावसाळ्यात भाव चढलेले असताना क्रेटमध्ये भोपळा-दुधी, भाव पडलेले असताना भरगच्च, आणि दर तोच.

आणि हो, सासूबाईंचा सल्ला ऐकून दादांनी कांद्याच्या कडेने धने टाकले. दोन आठवडे मूठभर कोथिंबीर आली. गावठी, ठेंगणी, पिशवी उघडली की स्वयंपाकघरभर वास. मग पुन्हा बंद. विचारलं तर म्हणाले, कांद्याला पाणी कमी केलं. सासूबाईंना ते पटलं, मला नाही.

शेवटी अर्धा वाटा घेतलाय, खालच्या वहिनींबरोबर. पाच हजार शंभर माझे, तेवढेच त्यांचे. ज्यांना घ्यायचंय त्यांनी आधी दोन गोष्टी विचारून घ्या: अर्धा वाटा मिळतो का, आणि गावाला गेलात तर तो आठवडा पुढे ढकलता येतो का. आमच्याकडे आदल्या रविवारपर्यंत कळवलं तरच ढकलतात. उन्हाळ्यात पालेभाजी कमी, गवार-काकडी जास्त असं दादांनी आधीच सांगून ठेवलंय. दुधी आळीपाळीने घ्यायचा असं वहिनींशी ठरलंय. क्रेटची दीडशे रुपये अनामत माझ्या नावावर आहे, त्यामुळे रिकामं क्रेट परत नेऊन द्यायचं काम मात्र माझ्याकडेच आलंय.