रताळी: वाफ्यात लावावीत की गच्चीवरच्या पिशवीत?

घराभोवती थोडी जमीन असेल तर रताळी तिथेच लावायची आणि पिशव्यांचा खटाटोप फ्लॅटवाल्यांनी करायचा, असं बहुतेक जण धरून चालतात. मला ते पटत नाही. जागा किती आहे यापेक्षा माती कशी आहे, हे आधी बघा.

कोकणातली निचऱ्याची तांबडी माती किंवा नदीकाठचा वाळूमिश्रित पोयटा असेल, तर खुशाल जमिनीत लावा. फूटभर उंचीचे वरंबे, दोन वरंब्यांत दोन फूट अंतर आणि वीतभर लांबीचे फाटे (म्हणजे वेलाचे तुकडे), दोन-तीन डोळे मातीत जातील असे. शेतात हेक्टरी 15-20 टन पीक येतं, म्हणजे चौरस मीटरला दीड-दोन किलो. घरच्या वाफ्यालाही हाच अंदाज धरावा. वेल एकदा पसरला की मातीवर सावली धरतो, तण दबतं आणि पाणीही रोज लागत नाही.

देशावरच्या भारी काळ्या मातीत मात्र मी पिशवीच सुचवेन. ही माती पावसात चिकटून बसते, रताळी पोसत नाहीत, वेडीवाकडी होतात. त्याहून वाईट म्हणजे माती सुकली की भेगा पडतात आणि त्यांतून सोंड्या भुंगा थेट रताळ्यापर्यंत पोचतो. बाहेरून बारीक भोकं दिसतात. कापलं की आत काळपट बोगदे आणि उग्र वास. कीड न लागलेला भाग काढून शिजवला तरी कडू लागतो. असं रताळं गुरांनाही घालू नये, बाधतं. वाफ्यात लावायचंच असेल तर वेलाच्या बुडाशी मातीची भर देत राहा आणि भेगा बुजवत राहा. ही मेहनत टळत नाही.

पिशवीत माती आपल्या हातात असते. माती, शेणखत आणि कोकोपीट मिसळलं की भेगांचा प्रश्न बराच मिटतो, घुशींचा त्रासही कमी. पिशवी निदान 15 इंच खोल व तेवढीच रुंद हवी आणि तिच्यात दोनच फाटे लावावेत. किलोभर रताळी निघाली तर समाधान मानावं. उन्हाळ्यात पाणी रोज घालावं लागतं. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी भरपूर असं झालं की रताळी तडकतात. बाहेरगावी वारंवार जाणाऱ्यांनी पिशवीच्या फंदात पडू नये.

खताचा मोह दोन्हीकडे आवरायचा. नत्र जास्त झालं की वेल माजतो आणि खाली नुसती मुळं सापडतात. जमिनीत आणखी एक काम वाढतं: पसरलेला वेल अधूनमधून उचलून ठेवायचा, नाहीतर पेरापेराला मुळं धरतात आणि जोर विभागला जातो. पिशवीतला वेल कठड्यावरून खाली सोडला की झालं. कोवळ्या पाल्याची भाजी दोन्हीकडून मिळते.

बेण्यासाठी बाजारातलं रताळं ओल्या मातीत ठेवून कोंब काढता येतात, पण कीड नसलेल्या वेलाचे शेंडे मिळाले तर तेच घ्या, महिनाभर वाचतो. जातीचं म्हणाल तर उपवासाच्या किसाला पांढऱ्या गराची, कोरडी रताळी मला सरस वाटतात. घरात लहान मुलं असतील तर केशरी गराची ‘श्री कनक’ किंवा ‘भू सोना’ शोधा. त्यांत बीटा कॅरोटीन भरपूर असतं. दोन्ही तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेच्या जाती आहेत.

पीक साधारण साडेतीन-चार महिन्यांचं. महाशिवरात्रीला घरची रताळी हवी असतील तर फाटे ऑक्टोबरात लावा, आषाढी एकादशीसाठी फेब्रुवारीत. काढल्यावर न धुता आठवडाभर सावलीत, उबदार जागी ठेवा. साल घट्ट होते, गोडी वाढते. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, गर आतून कडक होतो.