पडला की ढकलला?

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) की 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल' (२०२३)? एकच निवडायचा तर माझं मत जुन्याला. ९६ मिनिटं, जवळपास सगळी एकाच खोलीत, जिथे बारा ज्युरी (निकाल ठरवणारे सामान्य नागरिक) एका खुनाच्या खटल्यावर वाद घालताहेत. दिग्दर्शक सिडनी लुमेट कॅमेरा हळूहळू खाली आणत नेतो, भिंती अंगावर येतात. ज्युरीतला हेन्री फोंडा खिशातून खुनाच्या चाकूसारखाच दुसरा चाकू काढून टेबलात खुपसतो, तेव्हा तर खल्लास!

जस्टिन त्रिएचा सिनेमा अडीच तासांचा, मधे जरा रेंगाळतो. नवऱ्याच्या मृत्यूबद्दल बायकोवर खटला चालतो. निकाल लागतो, तरी नवरा पडला की ढकलला, ही शंका जात नाही. पण नवरा-बायकोच्या भांडणाचं रेकॉर्डिंग कोर्टात वाजतं तो प्रसंग बघाच: आधी भांडण डोळ्यांसमोर घडतं, हाणामारी सुरू होताच आपण परत कोर्टात, नुसता आवाज ऐकत. बायको झालेली सँड्रा ह्युलर तर जबरदस्तच.