टेली-मानस १४४१६: कामाने पिचलेल्यांसाठी कितपत उपयोगी?

मिहानमधल्या कंपन्यांतली रात्रपाळी असो की हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर रद्द झालेल्या रजा, कामाने पिचलेल्या नागपूरकराला पहिला आधार म्हणून केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची फोनसेवा चांगली आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फुकट, चोवीस तास, मराठीतही. ओपीडीच्या रांगेसाठी अर्धी रजा टाकावी लागत नाही. पहाटे तीनच्या ब्रेकमध्येही बोलता येतं.

फक्त 'खूप टेन्शन आहे' म्हटलं तर सल्लाही मोघमच मिळणार. आधी आठवडाभर साध्या वहीत रोज तीन नोंदी ठेवा: झोप किती तास, काम नेमकं किती वाजता संपलं, कशानंतर चिडचिड झाली. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पिचून जाण्याची, तीन अंगं सांगते: थकवा, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. सुट्टीने पहिलं थोडं उतरतं, दुसरं उतरेलच असं नाही. तिथेच लोक फसतात. चिखलदऱ्याला जाऊन येतात आणि सोमवारी परत तेच.

मर्यादाही आहेच. समुपदेशक तुमची पाळी बदलून देणार नाही, टार्गेटही कमी करणार नाही. ते बोलणं साहेबांशीच, तेही एकच ठोस मागणी घेऊन: 'रात्री नऊनंतरचे व्हॉट्सॲप मेसेज मी सकाळी बघेन.' दोन आठवडे कशातच मन रमत नसेल, तर मेयो किंवा मेडिकल या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांचा मानसोपचार विभाग गाठाच. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर वहीबिही राहू द्या, लगेच १४४१६ ला फोन लावा.