भरतपूरचं घना: सायकल की रिक्षा?

घना म्हणजे राजस्थानातलं केवलादेव, पक्ष्यांसाठी प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यान. त्याच्या गेटवर पहिला प्रश्न हाच, सायकल घ्यायची की सायकलरिक्षा. सायकल स्वस्त, रस्ता एकदम सपाट, पार्क जेमतेम 29 चौ.किमी., मनात आलं की थांबायचं, कोणाची घाई नाही. पण पहिल्यांदा जाताय तर रिक्षाच करा, कारण ते रिक्षावाले भैया मधेच ब्रेक मारून बाभळीकडे बोट दाखवतात, आपल्याला नुसतं खोड दिसतं आणि मग त्या खोडाला डोळे फुटतात, पिंगळा असतो! सायकलवर आम्ही त्याच झाडाखालून दोनदा गेलो होतो, काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सायकल घ्या, ते बेस्ट, फक्त थंडीत सकाळी हातमोजे विसरू नका, हँडल नुसतं बर्फ असतं. पार्कमधल्या केवलादेव मंदिराजवळ जुन्या शिकारीचे आकडे कोरलेला दगड आहे, 1938 साली एका दिवसात 4,273 पक्षी, वाचून पोटात कसंतरी होतं.

गावातल्या लोहागडाला (आपला लोणावळ्याजवळचा नाही हां) दोन्ही नको, चालतच फिरा. 1805 ला यशवंतराव होळकर इथे आसऱ्याला होते आणि इंग्रज सेनापती लॉर्ड लेकचे चार हल्ले या मातीच्या तटांवर फुकट गेले.