डर्बनचा मुथी बाजार: गोगोंनी औषध दिलंच नाही

डर्बनला येऊन दोन वर्षं झाली तरी वॉरविक जंक्शनच्या मुथी बाजारात जायचा धीर होत नव्हता. खोकला काही केल्या जाईना, तेव्हा झुलू शेजारीणच मला घेऊन गेली. मुथी म्हणजे झाडपाल्याचं औषध. अर्धवट सोडून दिलेल्या एका उड्डाणपुलावर हा बाजार भरतो. खाली टॅक्सीवाल्यांचा गोंगाट, वर सालींचे ढीग, मुळ्यांच्या जुड्या आणि इम्फेफोचा धूर. पूर्वजांना बोलावायला जाळतात ती ही वनस्पती. वास आला आणि आजीचं धुपाटणं आठवलं.

शेजारणीच्या ओळखीच्या गोगो, म्हणजे आजी, इसांगोमा आहेत. इथल्या पारंपरिक वैद्यांपैकी इन्यांगा मुख्यतः झाडपाल्याचे जाणकार, तर इसांगोमा पूर्वजांना कौल लावून दुखण्याचं कारण शोधतात. गोगोंनी कौलासाठी चटईवर हाडं टाकली, पण त्याआधी कितीतरी वेळ मलाच विचारत होत्या. रात्री घाम येतो का? वजन उतरलंय? कुठल्या गोळ्या चालू आहेत? इथे तुझं माणूस कोण? या शेवटच्या प्रश्नाला मला रडू फुटलं. तोवर कुठल्याच दवाखान्यात हे कुणी विचारलं नव्हतं.

खोकला तीन आठवड्यांचा आहे हे ऐकताच त्यांनी हातातली मुळी खाली ठेवली. "आधी क्लिनिकात थुंकी तपासून ये. बीपीची गोळीही दाखव."

टीबी निघाला नाही. कोरडा खोकला त्या बीपीच्या गोळीचाच होता. डॉक्टरांनी ती बदलली आणि काही दिवसांत तो थांबला. याच प्रांतातल्या ह्लाबिसा या ग्रामीण भागात रुग्णाला समोर बसवून टीबीच्या गोळ्या घ्यायला लावायचं काम अशाच वैद्यांना दिलं होतं. त्यांच्याकडच्या ८९ टक्के रुग्णांनी उपचार पूर्ण केले, इतरांकडच्या ६७ टक्के. गोगोंना भेटल्यावर मला याचं नवल वाटत नाही.

खटकलं ते इसिभाहाचं. खोकल्यावर चालणाऱ्या या सालीपायी झाडं सोलून मारली जातात, आणि ती आधीच दुर्मीळ झाली आहेत. पानंही तशीच झणझणीत असतात, तेव्हा पानंच मागा. बिननावाच्या पुड्या मात्र घेऊ नका. फोटो काढण्याआधी विचारा.

बरी झाल्यावर सांगायला गेले, तर गोगोंनी इम्फेफोची जुडी हातात ठेवली. पैसे घेतले नाहीत.