मुख्य कुक गेला तरी हुमण (माशाची आमटी) सावरलं, फोंड्यातलं आमचं मासळीचं हॉटेल

गोव्यात फोंड्यातल्या लोकांना हे हॉटेल सांगायला नको, पण गेल्या वर्षी पर्वरीला दुसरी शाखा उघडली आणि तेव्हापासून "आता पूर्वीसारखं नाही राहिलं" असं जो तो म्हणायला लागला म्हणून मुद्दाम लिहितोय.

खरं होतं ते. दिवाळीच्या सुमारास मुख्य कुकला बोटीवर नोकरी लागली, तो गेला, पाठोपाठ दोन जुने वेटर सीझनसाठी कळंगुटला, आणि मालक सगळा वेळ पर्वरीत अडकलेले. मधले काही महिने बांगड्याचं उडदमेथी चक्क कडू लागायचं, मेथी तेलात जरा जास्त लाल झाली की संपलंच ना, आणि तिरफळं तर न ठेचताच टाकलेली, वास म्हणून नाही.

पण नंतर मालकांनी जे केलं ते मला फार आवडलं. गेलेल्याच्या नावाने एकदाही खडे फोडले नाहीत. विचारलं तर सरळ सांगायचे, "पोरं मोठी होतायत त्याची, बोटीवर पगार चांगला, मी कशाला अडवू?" हिशोब पूर्ण केला, ग्रॅच्युइटीसकट. १० माणसं कामाला असली आणि ५ वर्षं भरली की दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार कायद्यानेच द्यावा लागतो, पण हॉटेलात विचारतो कोण! मी कुंडईला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला आहे, आमच्याकडे वर्षानुवर्षं कोणी विचारत नाही आणि चांगल्या माणसाने राजीनामा टाकला की त्याच दिवशी पगार वाढवायला धावतात, मग तो थांबला तरी त्याचं लक्ष उडालेलंच असतं.

मालकांनी बाहेरून कुक आणला नाही. मागे मसाल्याचं वाटप वाटायला जी बाई होती तिलाच पुढे आणलं, पगार वाढवला, आणि सोमवारी हॉटेल बंद ठेवायला लागले म्हणजे सगळ्यांना सुट्टी. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, मासळी महाग, गिऱ्हाईक कमी, त्या दोन महिन्यांत मेनू छोटा करून तिचा हात बसू दिला, आणि दोन पोरांना तिच्याच हाताखाली तयार केलं. उद्या ती गेली तर पुन्हा पहिल्यापासून नको, असं मालक म्हणाले.

चतुर्थी झाल्यावर गेलो तर इसवणाचं (सुरमईचं) हुमण एकदम जागेवर! सोलांचा आंबटपणा नेमका, वाटप गुळगुळीत. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं तर मला आधीपेक्षा बरं वाटलं, खोबरं कमी, तिसऱ्यांची चव लागते. किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) संपलं की न मागता पुन्हा वाढतात. पर्वरीची शाखा मात्र अजून कच्ची आहे, तिथे रवा फ्राय तेलकट होतो, घाई नसेल तर फोंड्यालाच या.

मालकांना एकच विनंती, रविवारी दुपारी वाढायला अजून दोन माणसं घ्या. आहेत ती पोरं चांगली आहेत पण पार दमलेली दिसतात, आणि सीझन आला की कळंगुटवाले त्यांनाही बोलावणारच.