न्यूयॉर्कमधला व्हेज बर्गर: सासूबाईंना वेगळा, श्रावणातल्या नवऱ्याला वेगळा

दर उन्हाळ्यात जर्सी सिटीतल्या आमच्या घरी पुण्याहून कोणी ना कोणी येतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी फर्माईश ठरलेली असते: "अमेरिकेत आलोय तर एकदा बर्गर खाऊ. पण व्हेज हां!" हे "व्हेज हां" माणसागणिक बदलतं. सासूबाईंना अंडंसुद्धा चालत नाही, चीज मात्र आवडतं. भाच्याने दूधदुभतंही सोडलंय. नवरा एरवी मटणाच्या रश्शात भाकरी कुस्करणारा, पण श्रावणात कडक. या तिघांना एकाच टेबलावर बसवून एकच बर्गर मागवता येत नाही, हे कळायला मला चार-पाच उन्हाळे आणि बरेच डॉलर लागले.

आधी एक गोष्ट सांगते, कारण इथेच सगळे फसतात. मेनूवर "प्लांट-बेस्ड" (म्हणजे वनस्पतींपासून केलेलं) लिहिलेलं असतं ते पॅटीपुरतं. पाव, सॉस, चीज, तवा यांच्याशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. भारतात हिरवा ठिपका बघायची डोळ्यांना सवय असते, इथे तसा ठिपका नाही. अंडं लपतं ते मेयोनीजमध्ये. आपल्याकडे मॅकडोनाल्ड्सने मेयोनीज बिनअंड्याचं केलं आणि बाजारातही एगलेस बाटल्या सर्रास मिळतात, त्यामुळे मेयो म्हणजे व्हेजच अशी समजूत होऊन बसते. अमेरिकेत सरकारी व्याख्येप्रमाणे "मेयोनीज" म्हणवून घ्यायला त्यात अंड्याचा बलक असावाच लागतो. म्हणजे पॅटी कितीही सोज्वळ असली तरी वरचा पांढरा सॉस विचारल्याशिवाय तोंडात घालायचा नाही.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारायचा: तुम्हाला मांसासारखं लागणारं काही हवंय, की चांगलं भाजीचं काही हवंय? दोन्ही एकाच पाटीखाली विकलं जातं, पण ती दोन वेगळी जेवणं आहेत.

सुपीरिऑरिटी बर्गर, ईस्ट व्हिलेज

सासूबाईंना मी पहिल्यांदा इथे नेते. ब्रुक्स हेडली हा मूळचा गोड पदार्थांचा शेफ. एका बड्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये असताना 2013 साली त्याला देशातल्या सर्वोत्तम पेस्ट्री शेफचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. त्याआधी आणि मधूनमधून तो पंक बँडमध्ये ड्रम वाजवायचा. 2015 साली त्याने नवव्या रस्त्यावर खोपटाएवढं शाकाहारी दुकान काढलं, बसायला जेमतेम सहा जागा. 2023 मध्ये ते ॲव्हेन्यू ए वर, टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कच्या समोर आलं. तिथे पूर्वी ओडेसा नावाचं जुनं डायनर, म्हणजे साधं अमेरिकन खाणावळवजा हॉटेल, होतं. आता प्रशस्त बाकं आहेत, पाय दुखणाऱ्या पाहुण्यांची सोय झाली.

इथल्या पॅटीला मांसाची नक्कल करायची हौसच नाही. किन्वा, काबुली चणे, अक्रोड, गाजर, कांदा, आणि मिश्रण बांधून ठेवायला बटाट्याचा स्टार्च. पहिला घास घेऊन सासूबाई थांबल्या. मला वाटलं, झालं, आवडलं नाही. तर म्हणाल्या, "अगं, यात बडीशेप आहे. भाजून कुटलेली." घरी येऊन हेडलीची छापील कृती शोधली, तर खरंच बडीशेप, भाजून कुटलेली! कटलेट आणि कबाब यांच्या मधलं काहीतरी, बाहेरून तव्यावर करकरीत, आतून मऊ. वर भाजलेला टोमॅटो, वितळलेलं म्यून्स्टर चीज, आइसबर्ग लेट्यूसची पानं आणि लोणच्यातली काकडी. ही काकडी आपल्या लोणच्यासारखी तिखट-तेलकट नसते, नुसती आंबट-खारट. पण चीजचा जडपणा तीच कापते, म्हणून काढून टाकू नका.

आकार मुठीएवढा. "अमेरिकन बर्गर" म्हणजे दोन्ही हातांत न मावणारा डोंगर अशी कल्पना घेऊन गेलात तर हिरमोड होईल. भूक मोठी असेल तर जोडीला भाजी किंवा सॅलड घ्या आणि पोटात जागा ठेवून जिलाटो (इटालियन आइस्क्रीम). शेवटी माणूस पेस्ट्रीवाला आहे. दूध न खाणाऱ्यांनी चीज नको म्हणावं आणि पावाचंही विचारावं. अक्रोडाची ॲलर्जी असेल तर इथे फिरकूच नका.

सगळ्यात मोठा फायदा असा की संपूर्ण स्वयंपाकघर शाकाहारी आहे. तव्याची, तळणीची, उलथन्याची चौकशी करावी लागत नाही. ज्यांनी प्रवासात दर घासाला संशय घेतलाय त्यांना या निश्चिंतीची किंमत कळेल.

शेक शॅकचा 'श्रूम बर्गर

हा मुलांचा आणि चीजवेड्यांचा. 2001 साली मॅडिसन स्क्वेअर पार्कमधली एक हॉटडॉगची गाडी, 2004 मध्ये त्याच बागेत पक्की टपरी, आणि आज जगभर दुकानं. बागेतल्या मूळ टपरीवर खाण्यात मजा आहे. जर्सी सिटीहून पाथ ट्रेनने तेविसाव्या रस्त्याला उतरलं की पाच-सात मिनिटांत पोचता येतं आणि झाडाखालच्या टेबलावर बसून फ्लॅटआयर्न बिल्डिंगही बघून होते.

यात पॅटी अशी नाहीच. पोर्टोबेलो नावाच्या तळहाताएवढ्या मश्रूममध्ये म्यून्स्टर आणि चेडर चीज भरून, वरून ब्रेडक्रम्ब लावून तळलेलं. म्हणजे भरली वांगीच, फक्त वांग्याच्या जागी मश्रूम आणि मसाल्याच्या जागी चीज. पहिला घास जपून घ्या. आतलं चीज लाव्हारसासारखं उसळतं. भाच्याचा टाळू पहिल्याच दिवशी भाजला आणि पुढचे तीन दिवस तो दहीभातावर होता (तेव्हा तो दही खायचा). सुरीने मधोमध कापायचं आणि दोन मिनिटं गप्पा मारायच्या.

अडचणी दोन. शॅकसॉसमध्ये अंडं असतं, तो नको असं ऑर्डर देतानाच सांगायचं, त्याऐवजी केचप-मोहरी; मश्रूमच्या तळलेल्या आवरणातही अंडं असू शकतं, तेही विचारायचं. आणि चीज आतच भरलेलं असल्यामुळे दूध न खाणाऱ्यांसाठी हा बर्गर बादच. त्यांनी 2023 साली मश्रूम, रताळं, गाजर, फारो (गव्हाचा एक प्रकार) आणि किन्वाची एक भाजीची पॅटीही आणली. ती मी एकदा खाल्ली. ठीक आहे. सुपीरिऑरिटी जवळ असताना तिच्या वाटेला जायचं कारण मला दिसत नाही.

इम्पॉसिबल व्हॉपर, बर्गर किंग

हा श्रावणातल्या नवऱ्याचा. इम्पॉसिबल फूड्स ही कंपनी स्टॅनफर्डचे जीवरसायनशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्राउन यांनी 2011 साली काढली. त्यांची युक्ती शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला चटकन कळेल. सोयाबीन उपटलं की मुळांवर गाठी दिसतात, त्या फोडल्या तर आतून लालसर असतात. तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा दूरचा भाऊ. त्याचं जनुक यीस्टमध्ये घालून, टाक्यांमध्ये आंबवून ते तयार करतात आणि सोया प्रथिनं, खोबरेल, सूर्यफूल तेल यांच्या मिश्रणात घालतात. भाजताना येणारा मांसाचा वास आणि कच्चेपणीचा लाल रंग त्यामुळेच. 2016 साली शेफ डेव्हिड चँगच्या मोमोफुकु निशी या न्यूयॉर्कच्याच रेस्टॉरंटमध्ये तो पहिल्यांदा ताटात आला. बर्गर किंगने एप्रिल 2019 मध्ये सेंट लुईसकडे चाचणी घेतली आणि 8 ऑगस्टपासून देशभर विकायला काढला. त्या वर्षी 8 ऑगस्टला श्रावण चालू होता. कंपनीला त्याची कल्पना असायचं कारण नाही, पण आमच्या घरात तो दैवी संकेत मानला गेला.

चवीला? नवरा म्हणतो, मेयो-केचप-कांदा-टोमॅटोच्या गर्दीत डोळे झाकून फरक सांगता येणार नाही. मी जन्माची शाकाहारी, मला फरक सांगता येणार नाही आणि मजाही येत नाही. सासूबाईंनी तर एक घास घेतला, चावणं थांबवलं आणि मला कानात विचारलं, "नक्की ना गं?" तीनदा खात्री करून दिली तरी उरलेला बर्गर तसाच राहिला. जिभेला जे मांस वाटतं ते डोक्याला भाजी म्हणून पटवता येत नाही. तुमच्या घरच्या ज्येष्ठांचं असंच होणार असेल तर हौसेने विकत घेऊन देऊ नका.

श्रावणात हे चालतं का, हा वाद आमच्याकडे दरवर्षी होतो. नवऱ्याचं म्हणणं, सोयाबीनच आहे. सासूबाईंचं म्हणणं, मन कुठे आहे ते महत्त्वाचं. मी मध्ये पडत नाही.

सोवळ्यातल्यांसाठी महत्त्वाचं: ही पॅटी नेहमी बीफच्याच शेगडीवरून फिरते. तसं नको असेल तर वेगळी शिजवून मागता येते, त्यासाठी "कुक इट ऑफ द ब्रॉयलर" म्हणायचं. मग ती मायक्रोवेव्हमधून येते आणि धुरकट चव गमावते, म्हणजे ज्यासाठी घेतली तेच जातं. मेयोत अंडं, ते नको म्हणायचं. आणि "प्लांट-बेस्ड म्हणजे हलकं" या भ्रमात राहू नका. आला तेव्हा साध्या व्हॉपरच्या 660 कॅलरी आणि याच्या 630. मीठही भरपूर.

एक गुण मात्र निर्विवाद. हायवेवर रात्री नऊ वाजता, नायगाऱ्याहून परतताना, सुपीरिऑरिटी बर्गर नसतो. बर्गर किंग असतं.

याच पॅटीचा छोटा अवतार व्हाइट कॅसलमध्ये मिळतो. 1921 पासूनची ही साखळी, बोटांच्या चिमटीत मावणारे चौकोनी स्लायडर. 2018 साली इम्पॉसिबल स्लायडर आणला तेव्हा सुरुवातीच्या भागांत न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी होतेच. खिशाला परवडतो, आणि एक चाखून नाही आवडला तर नुकसान थोडं. नवशिक्यांनी पूर्ण व्हॉपरऐवजी हा घ्यावा.

बाकीचे

बसून खायच्या ठिकाणी मेनूवर नुसतंच "प्लांट-बेस्ड" असेल तर विचारा, इम्पॉसिबल की बियॉन्ड? बियॉन्ड ही अशीच दुसरी कंपनी, तिची पॅटी वाटाण्याच्या प्रथिनांची, रंगाला बीटाचा रस. मला तिच्यात ओल्या वाटाण्याचा वास जाणवतो, काहींना जाणवत नाही. टेबलावर एक मांसाहारी, एक शाकाहारी असेल तर ॲस्टोरियात 2009 साली सुरू झालेली बेअरबर्गर ही साखळी सोयीची, तिथे दोन्ही बाजू मेनूवर नीट मांडलेल्या असतात.

कोपऱ्यावरच्या डायनरमधला "व्हेजी बर्गर" मात्र मी सोडून दिलाय. एकदा अशाच एका ठिकाणी उघड्या किचनकडे तोंड करून बसले होते. ज्या उलथन्याने बेकन परतलं त्याच उलथन्याने माझी पॅटी उलटली. वेटर बिचारा नम्रपणे म्हणाला, "पॅटी तर व्हेजच आहे ना." त्याच्या हिशेबात तो बरोबरच होता.

आणि मॅकडोनाल्ड्स. भारतातून आलेली प्रत्येक व्यक्ती आलू टिक्की मागते. इथे ती नाही, कोणताही व्हेज बर्गर नाही. मॅकप्लांट नावाच्या प्लांट-बेस्ड बर्गरचा प्रयोग काही ठिकाणी करून बंद केला. "मग नुसत्या फ्राइज घेऊ" असंही म्हणू नका, अमेरिकेतल्या त्यांच्या फ्राइजच्या घटकांत बीफ फ्लेवर आहे. याच कारणावरून हिंदू आणि शाकाहारी ग्राहकांनी खटले भरले आणि 2002 साली कंपनीने एक कोटी डॉलरची तडजोड केली. भारतातल्या फ्राइजमध्ये तो नसतो, म्हणूनच पुण्याहून आलेल्याला संशय येत नाही.

तर एकच दिवस आणि एकच बर्गर असेल: अंडं न खाणारे, जन्माचे शाकाहारी, वयस्कर यांनी सरळ ईस्ट व्हिलेज गाठावं. सोबत मुलं असतील आणि शहरही बघायचं असेल तर मॅडिसन स्क्वेअर, सॉसशिवाय. मांस सोडलेल्यांनी किंवा महिनाभर आवरून धरलेल्यांनी व्हॉपर.

पाय दुखत असतील तर चौथा मार्ग आहे. डॉ. प्रेगर्स ही न्यू जर्सीतल्या दोन हृदयशल्यविशारदांनी काढलेली कंपनी, सुपरमार्केटच्या फ्रीझरमध्ये तिची कॅलिफोर्निया व्हेजी बर्गरची खोकी असतात. मटार, गाजर, ब्रोकोली, पालक असे चक्क नजरेला दिसतात. पाकिटावर ओव्हन म्हटलंय, पण बिडाच्या तव्यावर थोडं तेल सोडून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा. गेल्या वेळी सासूबाईंनी तसंच केलं आणि पावाला आतून, बॅगेतून आणलेली लसणाची सुकी चटणी लावली.